गोळ्या वाढल्या आहेत

फोन दुपारी तीनच्या सुमारास आला. आमच्या ऑफिसात फोन टेबलावर नसतो, ऑपरेटरच्या खोलीत जाऊन घ्यावा लागतो. पलीकडे मुलुंडच्या आमच्या जुन्या चाळीचे सेक्रेटरी परब होते. वाण्याच्या दुकानातून बोलत होते, मागून गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता. म्हणाले, "आक्कांना जरा बरं वाटत नाहीये. तुम्ही येऊन जा. तशी घाई नाही, सावकाश या." सावकाश या! मी साहेबांना सांगून निघालो. मुलुंड स्टेशनबाहेर हातगाडीवर मोसंबी दिसली म्हणून थांबलो. आजारी माणसाकडे हात हलवत कसं जायचं? सहा मोसंबी निवडली, एक मऊ लागलं ते बदलून घेतलं, वर त्या गाडीवाल्याशी दोन शब्द हुज्जतही घातली. चाळीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावले, तेव्हा मला कळलं. आक्का एक वाजताच गेली होती. परबांनी फोन केला तेव्हा तिला जाऊन दोन तास झाले होते. नंतर त्यांना विचारलं, तर म्हणाले, "असं एकदम कसं सांगायचं हो? प्रवासात तुमच्या मनाला आधार नको?" त्यांच्या त्या आधारावर मी अख्खा रस्ता तिची पथ्यं ठरवत गेलो. मीठ बंद, जिना बंद, चार दिवस बोरीवलीला आमच्याकडे आणू...

वर मी 'गेली' लिहिलं. सवयीनं लिहिलं. आता सरळ लिहितो. आक्का मेली. पाच आठवडे मी हे वाक्य लोकांना सांगतोय आणि कुणी ते पुरतं ऐकून घेत नाही. "असं बोलू नये हो." का बोलू नये? गंमत अशी की 'मेल्या' हा शब्द आक्का स्वतः दिवसातून वीस वेळा वापरायची. दूध उतू गेलं तरी मेल्या, मी पेपर झकास सोडवून आलो तरी मेल्या. आम्ही मालवणी मुलखातले, आमच्याकडे ही शिवी नव्हे, लाड आहेत. पण खरोखर मेलेल्या माणसाला आक्का कधी मेला म्हणाली नाही. आमच्या घरात मरण नव्हतंच. आमच्या घरात काही संपतही नसे. मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ 'वाढलं' म्हणायचं. तांदूळ वाढले, रॉकेल वाढलं, काडेपेटी वाढली. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरात हे असेल, आणि पुष्कळांना त्यात आपल्या संस्कृतीचं सौंदर्य दिसत असेल. मला दिसत नाही. का दिसत नाही, ते सांगायलाच बसलोय.

आक्का, म्हणजे सुलोचना, माझी सख्खी मोठी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावातून लग्न होऊन मुलुंडला आली, आणि वर्षाच्या आत भावोजी काविळीनं मेले. मी तेव्हा आठ वर्षांचा. आई मला काखोटीला मारून बोटीनं मुंबईला आली. चाळीत पोचलो तेव्हा बारावा-तेरावा उरकला होता. दारात बसलेली एक बाई आईला हळू आवाजात म्हणाली, "बांगड्या वाढवल्या हो पोरीच्या..." मी ऐकलं. मला आनंद झाला! गावाला कुणाच्या हातात डझन बांगड्या असल्या तरी आम्ही पोरं बघत राहायचो. इथं मुंबईत माझ्या बहिणीला आणखी बांगड्या दिल्यात, असं मला वाटलं. मी धावत आत गेलो आणि ओरडलो, "आक्के, वाढवलेल्या बांगड्या दाखव!" आक्कानं हात पदराखाली घेतले. एकोणीस वर्षांची पोर होती ती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि, मला आज लिहितानाही राग येतो, ती हसली. म्हणाली, "आत ठेवलंय रे. तू मोठो झालंस की दाखवीन." मग हात दिसलेच. मोकळे. मनगटावर काचेचे दोन ओरखडे. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मोठी माणसं 'वाढवलं' म्हणतात तेव्हा ते मोडलेलं असतं. असा धडा पोर एकदा शिकलं की जन्मभर विसरत नाही, असं मी समजत होतो.

आईला गावी भाऊबंदांचं आणि शेताचं बघायचं होतं, ती परत गेली. मी आक्काकडेच राहिलो, शिकायला. ती तयार कपड्यांच्या एका कारखान्यासाठी काज-बटणाचं काम करायची. शर्टांचे गठ्ठे खोलीवर यायचे, ती दाराशी उजेडाला बसून काजं करायची. समोरच्या खोलीत शांताबाई राहायच्या, त्यांचा नवरा कुर्ल्याला कारखान्यात होता. शांताबाई देशावरच्या, त्यांची जीभ म्हणजे कात्री. दोघी समोरासमोर दारात बसून काम करायच्या आणि दिवसभर भांडायच्या. शांताबाई ओरडायच्या, "आक्का, पाणी गेलं बघ." आक्का म्हणायची, "गेलं काय म्हणतेस, येईल." "येईल तवा येईल, आता गेलंय ना? गेलं म्हण की! जिभेला काय फोड येतोय?" आक्का हसून दोरा तोडायची. मी मॅट्रिकला पहिल्या वर्षी आपटलो, गणितात. निकाल घेऊन दारात उभा राहिलो, तर शांताबाई म्हणाल्या, "नापास झाला वाटतं बाब्या." आक्कानं सुई शर्टात टोचून ठेवली आणि म्हणाली, "नापास कित्याक? मुक्काम वाढलो त्याचो. एक वर्ष जास्त शिकतलो." त्याच दुपारी ती माझा हात धरून शाळेत गेली आणि पुन्हा फॉर्म भरायला लावला. आमच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, मला नापास म्हणून घरी बसवलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. हे मी मान्य करतो. मी बी.ए. झालो, मराठी घेऊन, दुसऱ्या वर्गात, तो त्या 'मुक्काम वाढलो'मुळे झालो. भाड्याचा डगला घालून काढलेला माझा फोटो तिच्या खोलीत देवांच्या वर टांगलेला होता, देवांनी बघत राहावं म्हणून.

कॉलेजात गेल्यावर मात्र मला तिच्या बोलण्याची लाज वाटायला लागली. लाज म्हणण्यापेक्षा चीड. मी तेव्हा शोकांतिकांचा मोठा भक्त झालो होतो. ज्या पुस्तकात शेवटी कुणी मरत नाही ते पुस्तकच नव्हे, असं आमच्या कट्ट्यावर ठरलेलं होतं. आणि इकडे आक्काची वाचायची रीत अशी की चाळीच्या मंडळाच्या वाचनालयात कादंबरी हातात घेतली की आधी शेवटचं पान वाचायची. शेवट गोड असला तर नाव लिहून घ्यायची, नसला तर जागेवर ठेवायची. एकदा मी मुद्दाम लबाडी केली. जिच्यात नायिका झिजून झिजून मरते अशी एक कादंबरी आणली, शेवटच्या पानांना डिंक लावून ती चिकटवून टाकली, आणि सांगितलं, "छान आहे, शेवट गोड आहे." तिनं आठ दिवस वाचली. चिकटलेली पानं कढईच्या वाफेवर धरून सोडवली असणार, कारण पुस्तक परत आलं तेव्हा ती सुटी होती. दोन दिवसांनी जिन्यात ऐकतो तर दारात बसून काजं करताना ती शांताबाईंना तीच गोष्ट सांगतेय, आणि तिच्या गोष्टीत नायिका बरी होते, शिवणाचा वर्ग काढते, वर एक पोर दत्तक घेते! मी वर जाऊन म्हटलं, "आक्का, असं कुठं लिहिलंय?" ती शर्टावरची नजर न काढता म्हणाली, "मेल्या, लिवणाऱ्याक सुचला नाय म्हणून तिनं मरूचा काय रे?" शांताबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं बटण गॅलरीतून खाली पडलं. याचं उत्तर मला आज सुचतं, पण ऐकायला ती नाही.

आमच्याकडच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, व्याख्यानांत आशावादावर बोलणारे पुष्कळ असतात. सगळं गेलं तरी माणसानं उमेद सोडू नये म्हणतात. बोलणारे बहुधा नळाला पाणी असलेल्या घरातून आलेले असतात. आमच्या चाळीला वरच्या मजल्यावर नळ हवा होता. शांताबाई हंडे घेऊन पंधरा-वीस बायकांना वॉर्ड ऑफिसवर घेऊन गेल्या, आक्कालाही ओढून नेलं. तिथला साहेब बाहेर आला, बायकांच्या आवाजानं घाबरलेला, आणि म्हणाला, "लवकरच होईल." शांताबाई म्हणाल्या, "तारीख द्या." तर मागून आमची आक्का, "साहेब म्हणतात तर होईल गो. चला, पोरं घरी एकटी आसत." झालं! बायका पांगल्या. साहेबानं आक्काला हात जोडले. का नाही जोडणार? असं माणूस त्यांना लाख मोलाचं असतं. नळ आला सहा वर्षांनी, आणि आला तेव्हा आक्कानं चाळीत साखर वाटली, साहेबानं शब्द पाळला म्हणून! त्या सहा वर्षांत ती रोज खालून वर पाणी चढवत होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत, दोन्ही हातांत बादल्या घेऊन. डॉक्टर नंतर म्हणाले की ब्लडप्रेशर बऱ्याच वर्षांचं असावं. गरिबाच्या आशेवर कुणाकुणाचं काम चालतं, हे कुणीतरी एकदा लिहायला हवं. मला शोभा आणून लिहिता येत नाही, मी आपला असा लिहितो.

माझं लग्न झालं, नोकरी लागलेलीच होती. चार वर्षांपूर्वी बोरीवलीला सोसायटीत एक खोली-किचन मिळालं. आक्काला चल म्हटलं, ती म्हणाली, "येईन रे, थंडी सरली की येईन." अशा चार थंड्या सरल्या. मुलुंड आणि बोरीवली नकाशावर जवळ दिसतात, मधे फक्त डोंगर आहे; पण जायचं तर दादरला वळसा घालून जावं लागतं. मी आठवड्याला जायचो, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. दीड वर्षापूर्वी तिला चक्कर आली तेव्हा शांताबाईंनीच जबरदस्तीनं डॉक्टरांकडे नेलं. ब्लडप्रेशर निघालं, गोळ्या सुरू झाल्या. त्या विशिष्ट गोळ्या मुलुंडला मिळायच्या नाहीत, माझ्या ऑफिसजवळच्या केमिस्टकडे मिळायच्या. मी महिन्याच्या महिन्याला तपकिरी काचेची बाटली आणून द्यायचो. तिचं एवढं एक काम माझ्याकडे होतं. तिनं माझ्यासाठी काय काय केलं त्याची यादी मी करणार नाही, माझ्याकडे होतं ते एवढंच एक.

त्या महिन्यात मी नवी बाटली वेळेवर आणली होती. ती माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होती. रविवारी जाणार होतो. मंगळवारी दुपारी मी बँकेत गेलो असताना आक्काचा फोन आला. ऑपरेटर कुलकर्णीबाई फार नेटक्या, सांगितलेलं अक्षर न् अक्षर लिहून घेतात. टेबलावर चिठ्ठी ठेवलेली होती : "मुलुंडहून बहिणीचा फोन. गोळ्या वाढल्या आहेत. घाई नाही. सवडीने यावे." मी उभ्या उभ्या वाचली. आणि मला वाटलं, गोळ्या जास्त झाल्यात. डॉक्टरांनी मधे कधी आणखी दिल्या असतील, असतील घरात पडून. बरं झालं. त्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती, गच्चीच्या गळतीवर. मी चिठ्ठी खिशात टाकली, बाटली ड्रॉवरमध्येच राहू दिली आणि पुढच्या रविवारी जायचं ठरवलं.

पुढचा रविवार यायच्या आधी शुक्रवारी परबांचा फोन आला.

ती मोसंब्यांची पिशवी हातात घेऊनच मी खोलीत शिरलो. आक्काला खाली घेतलं होतं. कोपऱ्यात स्टुलावर बसून डॉक्टर शहा दाखला लिहीत होते. आमचे जुने डॉक्टर, चाळीतली अर्धी पोरं त्यांच्या हातची. मला बघून उठले. म्हणाले, "मेंदूत रक्तस्राव झाला. एक विचारू? गोळी चालू होती ना? ती एकदम बंद करायची नसते, मी सांगितलं होतं त्यांना." मला रागच आला. माझ्यावर संशय! मी म्हटलं, "बंद कशा होतील? उलट शिल्लक आहेत गोळ्या." आणि देवाच्या फळीवरची ती तपकिरी बाटली उचलून मी त्यांच्यासमोर हलवली. खडखड वाजली. "हे बघा." डॉक्टरांनी बाटली माझ्या हातातून घेतली, टोपण फिरवलं, तळहातावर उपडी केली. तांदळाचे दाणे होते. सात. मी मोजले, कारण दुसरीकडे कुठं बघू ते मला कळत नव्हतं. रिकामा डबा, रिकामी बरणी तशीच ठेवायची नाही, दोन दाणे टाकून ठेवायची, ही आमच्या घरची रीत. दारातून शांताबाई बोलल्या, "गोळ्या कवाच सरल्या. अकरा दिस झाले. मी म्हनलं पुन्हा फोन कर, तर म्हनाली, एकदा सांगितलंय, बाबू आणील."

तेव्हा मला ती चिठ्ठी ऐकू आली. डोळ्यांनी वाचली होती दहा दिवसांपूर्वी, ऐकू आली तेव्हा. आक्काच्या आवाजात. मीठ वाढलं, तांदूळ वाढले, गोळ्या वाढल्या आहेत... मी त्या शब्दात लहानाचा मोठा झालेला माणूस! पण दहा-बारा वर्षं ऑफिसात माझ्यासाठी वाढ म्हणजे पगारवाढ, भाडेवाढ, मुदतवाढ. कागदावरची वाढ. आठ वर्षांचा असताना मी ज्या शब्दाला फसलो, सदतिसाव्या वर्षी बी.ए.ची पदवी घेऊन त्याच शब्दाला फसलो. फरक एवढाच की तेव्हा मी धावत तरी गेलो होतो.

दहाव्या दिवसानंतर मंडळानं वाचनालयात शोकसभा घेतली. परब बोलले, "आक्का म्हणजे आशेचा अखंड झरा. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नाही." टाळ्या वाजवायच्या राहिल्या एवढंच. मी पहिल्या ओळीत बसलो होतो. माझा हात खिशातल्या चिठ्ठीवर. मी उठलो. म्हटलं, "परब, शेवटचे आठ दिवस ती भिंतीला धरून चालत होती, तुम्ही बघितलं की नाही?" ते म्हणाले, "हो, पण त्या म्हणाल्या ना, बरं आहे म्हणून." "आणि तुम्हाला ते पटलं?" मीच पुढे म्हटलं, "पटलं नाही, सोयीचं होतं. मला पण होतं." सभेत असं कुणी बोलत नाही. कुणीतरी मला खाली बसवलं, पाणी दिलं. लोक म्हणाले, धक्का बसलाय. धक्का नव्हता तो. राग होता. कुणी आशावादी म्हटलं की आपली जबाबदारी संपते. रडणाऱ्याकडे जावं लागतं, हसणाऱ्याकडे सवडीनं गेलं तरी चालतं. आपल्याला हसतमुख माणसं आवडतात ती याच्यासाठी.

सभा संपल्यावर मी शांताबाईंच्या खोलीत जाऊन बसलो. मला वाटलं, ही बाई तरी माझ्या बाजूची. म्हटलं, "शांताबाई, तुम्ही जन्मभर तिला सांगत होता, संपलं तर संपलं म्हण. ऐकलं असतं तर आज..." त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर आदळला. "तिला बोल लावू नकोस. तुला शाळेत घातला तो त्याच तोंडानं ना? तवा गोड लागलं तिचं बोलणं. नळाच्या टायमाला मी भांडले तिच्याशी, पुन्हा बी भांडीन. पण तिनं कंदी खोटं सांगितलं नाही. तिनं सांगितलं, गोळ्या वाढल्या. मला कळलं, त्या वाण्याला कळलं, फोनशेजारी उभा होता तो. तो कच्छी माणूस! म्हनला, आक्काची दवा खतम झाली वाटतं." मी खाली बघत होतो. मग शांताबाई हळू म्हणाल्या, आणि त्या हळू बोलल्या की जास्त लागतं, "मराठीत बी.ए. झालास रे बाबू. बहिणीची भाषा तेवढी विसरलास."

या पाच आठवड्यांत मी पुष्कळांवर चिडून बघितलं. परबांवर, त्या वॉर्ड ऑफिसच्या साहेबावर, आपल्या गोड बोलणाऱ्या भाषेवर, शेवट गोड करून मागणाऱ्या वाचकांवर. या पुरवणीच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं, "लिहा, पण शेवटी थोडा आशेचा किरण असू द्या." त्यांच्यावरही चिडलो. सगळ्यांवरचा राग खरा आहे, त्यातला एकही मी मागे घेत नाही. पण रात्रंदिवस 'होईल' म्हणणाऱ्या माणसाशेजारी एक माणूस असा बसलेला लागतो, ज्याला त्या 'होईल'मागचं 'नाही' ऐकू येतं. तीस वर्षं शांताबाई तिच्यासमोर बसल्या होत्या, भांडत, पण ऐकत. लहान असताना मीही तसा बसत होतो. तिनं 'बरां आसा' म्हटलं की तिच्या पावलांकडे बघायचो, सुजलीत का. नंतर मी शिकलो आणि लोकांचे शब्द ऐकायला लागलो, नुसते शब्द. तिच्या आशेत काही खोट नव्हती. ती माझ्या भरवशावर चालली होती.

गेल्या रविवारी खोली रिकामी केली. भांडी शांताबाईंना दिली, डगल्यातला फोटो मी काढून घेतला. देवांच्या वर ती चौकोनी पांढरी जागा उरली. कुलूप लावताना तोंडातून निघून गेलं, "येतो गं आक्का." आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जिन्याच्या तीन पायऱ्या उतरलो आणि तसाच उभा राहिलो. समोरच्या दारातून शांताबाई बघत होत्या. मी परत वर गेलो, कुलूप उघडलं, आत डोकावून म्हटलं, "जातो." खोलीत माझाच आवाज घुमला. शांताबाईंनी मान हलवली, होय अशी.

ती तपकिरी बाटली मी बोरीवलीला आणली आहे. ते सात दाणे डॉक्टरांनी माझ्या हातावर ठेवले होते, ते आक्काबरोबरच गेले. बाटली रिकामी आमच्या फळीवर उभी आहे, ऑफिसच्या ड्रॉवरमधून आणलेल्या त्या भरलेल्या बाटलीशेजारी, जिचं सीलही फुटलेलं नाही. माझी बायको मीना आमच्याच मुलखातली. परवा पुसताना म्हणाली, "अहो, रिकामी ठेवू नये. दोन दाणे टाकते." मी ओरडलो तिच्यावर. इतका ओरडलो की शेजारचं दार उघडलं. ती बिचारी तांदळाचा डबा हातात धरून उभी राहिली. मग तिनं तो खाली ठेवला. उघडून बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तांदूळ वाढलेत."

मी पिशवी घेतली आणि लगेच खाली उतरलो.